शंभराव्या कोड्यातला घोडा

“हे कोणाच्या हातचं काम?” असं म्हणत दातार वकिलांनी ताजा अंक मालकांच्या टेबलावर इतक्या जोरात आपटला की त्यांचा चहा बशीत सांडला.

आमच्या मालकांनी, म्हणजे गजाननराव दुदुस्करांनी, आधी चहाकडे पाहिलं आणि मग अंकाकडे. कुठलीही गोष्ट वाया गेलेली त्यांना बघवत नसे.

“काय झालं, वकीलसाहेब?”

“काय झालं? अहो, घोडा बघा! कुठं उभा आहे तो?”

मालकांना घोडा ठाऊक होता तो फक्त टांग्याचा. त्यांनी चष्मा चढवला, अंकातला बुद्धिबळाचा पट जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि शेवटी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “वत्सला! बाहेर ये जरा.”

मी आत खिळ्यांच्या खणांसमोर स्टुलावर बसले होते. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर. त्या काळी एकेक अक्षर वेचून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान चौकटीत घट्ट आवळलं की झाला फर्मा, आणि फर्मा गेला यंत्रावर. वाईतल्या आमच्या छापखान्यातून ‘सप्तशिखर’ नावाचं साप्ताहिक निघायचं आणि एकोणऐंशी साली त्याची सगळी जुळणी मी करत होते. वय बावीस. बाई माणूस खिळे जुळवते हे बघायला लोक लग्नपत्रिकेचं निमित्त काढून यायचे. त्याच स्टुलावर माझे वडील, आमचे आबा, सत्तावीस वर्षं बसले होते. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मालकांना शब्द दिला, “पोरगी माझ्यापरीस चांगली जुळवती.” मालक म्हणाले, “ठेवतो. पण पहिल्या मोठ्या चुकीला घरी.” चार वर्षं मी मोठी चूक होऊ दिली नव्हती.

मी बाहेर आले. वकिलांचं बोट शंभराव्या कोड्यावर होतं.

दातार वकील दर आठवड्याला आमच्या अंकात बुद्धिबळाचं कोडं देत. पटावर सोंगट्या मांडलेल्या आणि खाली एक ओळ: ‘पांढऱ्याची खेळी, तीन खेळ्यांत मात.’ शंभरावं कोडं आलं तेव्हा मालकांनी भरात येऊन चांदीची वाटी जाहीर केली. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात यायचं, मोठ्या पटावर उत्तर मांडायचं, जो पहिला बरोबर सांगेल त्याला वाटी. जाहीर केल्यापासून मालक तिच्या काळजीनं वाळत चालले होते.

“माझ्या कागदावर घोडा या घरात आहे,” वकील म्हणाले. “प्रूफातही तिथंच होता, मी सही केली आहे. आणि छापून आलाय तो एक घर वर! एक घर, दुदुस्कर! संपलं माझं कोडं. सहा महिने घासत होतो मी त्यावर.”

“प्रूफात बरोबर होता तर मग बिघडला कधी?” मालकांनी मला विचारलं.

मला ते ऐकता ऐकताच आठवलं होतं.

मंगळवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी कोणी तलवारीची पूजा करतो, कोणी नांगराची, कोणी वस्तऱ्याची. आम्ही खिळ्यांची करायचो. कोड्याचा फर्मा तयार होऊन टेबलावर पडलेला, तेवढा एकच देखणा दिसत होता, म्हणून मालकांनी स्वतःच्या हातानं त्याच्यावरच हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची फुलं पसरली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. गुरुवारी सकाळी मी फर्मा घासलेटानं पुसायला घेतला तर कुंकू वाळून घट्ट बसलेलं, आणि एक झेंडूची पाकळी दोन खिळ्यांच्या फटीत अडकलेली. चिमट्यानं पाकळी ओढली, तिच्याबरोबर घोडा आणि त्याच्या वरचं रिकामं घर, दोन्ही खिळे निघून आले. मी ते परत बसवले, एकाच्या जागी दुसरा. यंत्रावरचा माणूस घाई करत होता. सही झालेलं प्रूफ खुंटीला टांगलेलं होतं, ते काढून एकदा ताडून बघायला किती वेळ लागला असता? मी नाही बघितलं.

“माझ्याच हातून झालं,” मी म्हणाले. “गुरुवारी फर्मा पुसताना.”

कुंकवाचं नाव मी घेतलं नाही. मालकांनी वाहिलेलं असलं तरी ते देवाला वाहिलेलं होतं, आणि घोडा काही देवानं हलवला नव्हता.

“आता रविवारी साताऱ्याहून माणसं येणार, कराडहून येणार,” वकील म्हणाले. “त्यांना काय सांगू? की बाबांनो, या पटाला उत्तरच नाही, आल्या पावली परत जा?”

“म्हणजे वाटी कोणालाच नाही?” मालकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर घटकाभर बरं वाटल्याचं दिसलं. मग त्यांना आपण रागावायचं आहे हे आठवलं. “वत्सला, ठरलं होतं ते ठरलं होतं. आजचा दिवस भर आणि उद्यापासून येऊ नकोस. रविवारच्या सभेत मी दिलगिरी वाचणार आहे, तुझ्या नावासकट. गावाला कळू दे चूक छापखान्याची नाही, माणसाची आहे. आणि तो फर्मा आधी सोडून टाक. मला डोळ्यांसमोर नको तो.”

मी आत गेले. रडू येत होतं, पण यंत्रावरचा माणूस बघत होता, म्हणून नाही रडले. आबांच्या औषधांपासून घरच्या चुलीपर्यंत सगळं त्या स्टुलावर चालायचं. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. मला ते काम आवडायचं. दुसरं कुठलंही काम मला तसं आवडलं नसतं, आणि वाईत दुसऱ्या कुठल्या छापखान्यानं बाईला स्टुलावर बसू दिलं नसतं.

छापून झालेल्या फर्म्यातले खिळे काढून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, त्याला आम्ही सोडणी म्हणतो. कोड्याच्या सोडणीची आबांनी मला घरी सांगून ठेवलेली एक रीत होती. आमच्याकडे पांढरा वजीर एकच होता आणि त्याच्या बुडाला चीर गेलेली होती. म्हणून आधी वजीर उचलायचा, कापसात गुंडाळून डबीत ठेवायचा आणि मगच बाकीच्या सोंगट्यांना हात लावायचा. नव्याण्णव कोड्यांची सोडणी मी अशीच केली होती. त्यामुळे वजीर काढून घेतलेला पट मी जेवढा पाहिला तेवढा वाईत दुसऱ्या कुणी पाहिला नसेल.

बुद्धिबळ मी शिकले तीही तिथंच. माझ्यासमोर पट मांडून कधी कुणी बसलं नव्हतं, मुलीसमोर बसणार तरी कोण. आबांकडून सोंगट्यांच्या चाली कळल्या, आणि पुढचं वकिलांच्या कोड्यांनी शिकवलं. या आठवड्याला कोडं जुळवायचं, पुढच्या आठवड्याला त्याचं उत्तर. उत्तराचा कागद येण्याआधी आपण सोडवायचं अशी मी स्वतःशीच पैज लावायची. त्यात खिळे जुळवताना सगळं खालचं वर दिसतं. म्हणजे काळा राजा माझ्या पोटाशी आणि पांढरी फौज पलीकडे. त्या बिचाऱ्याला कुठून भीती आहे ते मला त्याच्या बाजूनं दिसायचं.

त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी तो फर्मा सैल केला आणि रीतीप्रमाणे पांढरा वजीर चिमटीत धरून उचलला.

हात तसाच राहिला. सवयीनं डोळे पटावर फिरले, वजीर नाही तर उरलं काय? उरला घोडा, जिथं तो नको होता तिथं. आणि तिसऱ्या ओळीत एक पांढरा हत्ती. काळा राजा त्याच्या स्वतःच्या हत्तीशेजारी, पुढं तीन प्यादी, अगदी कडेकोट बंदोबस्तात. मूळ घरातून घोड्याला राजापर्यंत पोचता येत नव्हतं. या चुकीच्या घरातून येत होतं. घोड्यानं शह दिला तर राजाला जायला एकच जागा, कोपरा. तिथून पुढं काय? हत्ती उजव्या कडेला सरकला तर त्याची रेघ थेट कोपऱ्याकडे जात होती, पण मध्ये राजाचंच प्यादं आडवं. राजा जर त्या प्याद्याच्या घरात उभा असता, एकच पाऊल पुढं, तर! शेजारच्या घरात त्याचं स्वतःचं दुसरं प्यादं, तिरक्या दोन्ही घरांवर माझ्या घोड्याचा डोळा, आणि पुढून हत्ती. हलायला जागाच नाही.

पण तो एक पाऊल पुढं येईल कशाला? तिथं कुणीतरी ते प्यादं मारून उभं राहिलं, आणि त्याला मारण्यावाचून राजाला दुसरा इलाज उरला नाही, तरच येईल.

वजीर अजून माझ्या चिमटीत होता.

मी तो परत त्याच्या घरात ठेवला. तिथून त्या प्याद्यापर्यंतचा तिरका रस्ता बघितला. मोकळा होता. काळ्याला घोडा मारता येतो का बघितलं. येत नव्हता. हत्तीच्या आड काही घालता येतं का बघितलं. तेही नाही. दहा वेळा तपासलं. घोडा, वजीर, हत्ती. मोजून तीन खेळ्या. मग मी खाली छापलेली ओळ वाचली आणि मला इतका आनंद झाला की नोकरी गेली आहे हेच क्षणभर विसरले.

घरी जाऊन आबांना आधी वाईट बातमी सांगितली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, “प्रूफ ताडलं न्हाईस?”

“नाही, आबा.”

“मंग मालकाचं काय चुकलं?”

“काही नाही. पण आबा, त्या पटाला उत्तर आहे. छापलाय तसाच. वकिलांना दिसलं नाही.”

आबांनी मान वर केली. त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळायची, पण पट अजून डोक्यात मांडता यायचा. “बोल.”

“घोड्याचा शह. राजा कोपऱ्यात. मग वजिरानं समोरचं प्यादं मारायचं.”

“त्याला जोर कुनाचा?”

“कुणाचा नाही. राजा वजिराला मारतो.”

“झालं मंग,” आबा म्हणाले आणि त्यांनी हात झटकला.

“पुढं ऐका तरी!”

“वजीर गेल्यावर म्होरं काय ऐकायचं?”

यात आबांचा दोष नव्हता. कृष्णेच्या घाटावर रोज दुपारी सात-आठ पट मांडले जायचे आणि घाटाचा एक कायदा होता. ज्याचा वजीर गेला त्यानं धोतर झटकून उठायचं, समोरच्याला रामराम करायचा. पुढं खेळत बसणारा माणूस निर्लज्ज. आबा तिथंच खेळायला शिकले, आणि दातार वकीलही बाप घाटावर घेऊन जायचा तेव्हा तिथंच शिकले होते. पुढं वकिलांनी इंग्रजी पुस्तकं वाचली, पण रक्तात मुरलेलं जात नाही. त्यांनी आपल्या सदरात एकदा लिहिलं होतं की वजीर देऊन मिळवलेली मात म्हणजे घर विकून केलेलं लग्न. ते वाक्य मीच जुळवलं होतं. त्यांच्या नव्याण्णव कोड्यांत पांढऱ्याचा वजीर एकदाही मेला नव्हता.

“रविवारी तुम्ही येऊ नका,” मी आबांना म्हणाले. “तिथं माझं नाव वाचणार आहेत.”

“शबूद मी दिला व्हता. ऐकायला मीच हवा,” आबा म्हणाले.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. भिंतीवर लाकडी पट टांगलेला, प्रत्येक घरात एक खिळा ठोकलेला आणि त्याला अडकवलेल्या पोळपाटाएवढ्या पत्र्याच्या सोंगट्या, अंकात छापल्या होत्या तशाच मांडलेल्या. टेबलावर लाल कापड आणि कापडावर ती वाटी. घाटावरची झाडून सगळी मंडळी आली होती. आबांना मी दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याशेजारी बसले. आख्ख्या सभागृहात बाई मी एकटी.

मालकांनी खिशातून कागद काढला. “शंभराव्या कोड्यात घोडा चुकीच्या घरात छापला गेला, याबद्दल आम्ही वाचकांची क्षमा मागतो. ही चूक जुळणी करणाऱ्या वत्सला धोंडीराम फरांदे यांची असून त्यांना शनिवारपासून कामावरून कमी करण्यात आलं आहे.”

माना वळल्या. आबा समोर बघत ताठ बसले होते. माझे कान तापले, पण मी मान खाली घातली नाही. तेवढं मी घरूनच ठरवून आले होते.

मग दातार वकील उठले. “मंडळी, माझ्या कोड्याचं उत्तर मी पुढच्या अंकात देईन. तुम्ही दोन दिवस डोकं फोडलंत, पण तुमचा इलाज नव्हता. छापलेल्या पटाला तीन खेळ्यांत मात नाही.”

“आहे,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी उभी राहिले होते.

“कोण बोललं?” वकिलांनी चष्मा सारखा केला. “तू? तू बुद्धिबळ खेळतेस?”

“खेळत नाही. जुळवते.”

मागून कोणीतरी हसलं. मालक चिडून म्हणाले, “वत्सला, खाली बस. झाली तेवढी शोभा पुरे.”

“थांबा, दुदुस्कर,” वकील म्हणाले. त्यांना राग आला होता, पण कोणी उत्तर आहे म्हटलं आणि ते न बघताच घरी जाईल असा हा माणूस नव्हता. “ये पुढं. काळ्याच्या बाजूनं मी खेळतो. तीन खेळ्या. चौथी नाही मिळायची.”

मी पदर खोचला आणि पुढं गेले. पट प्रथमच सुलटा, एवढा मोठा माझ्यासमोर होता. क्षणभर मला काहीच ओळखू येईना. काळा राजा पलीकडे, वर! मी मनातल्या मनात फर्मा फिरवला तेव्हा कुठं सगळं जागेवर आलं. स्टूल ओढून त्यावर चढले आणि घोडा उचलून राजाच्या अंगावर टांगला.

“शह.”

“राजा कोपऱ्यात,” वकिलांनी सोंगटी सरकवली. “दुसरी जागाच नाही. आता?”

मी वजीर उचलला आणि राजाच्या नाकासमोरचं प्यादं काढून त्याच्या खिळ्याला अडकवला.

“शह.”

सभागृहात एकदम कुजबुज झाली. वकिलांनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच कीव होती. “अगं, याला जोर नाही. हा मेला.”

“मारा की.”

त्यांनी राजानं वजीर मारला. पत्र्याचा वजीर काढून टेबलावर ठेवला तेव्हा खण्ण आवाज झाला. “वजीर गेला,” वकील म्हणाले.

आणि सगळं सभागृह उठलं.

घाटावरची माणसं ती! वजीर गेला हे शब्द कानांवर पडले की त्यांचे पाय आपोआप सरळ होत. कोणी धोतर झटकलं, कोणी टोपी घातली, कोणी बाकाखाली चप्पल चाचपायला लागलं. वकील स्वतः हातांची धूळ झाडून पटापासून दोन पावलं लांब गेले. मालकांनी वाटीवरून रुमाल घातला. आणि दुसऱ्या रांगेत आबा, माझे आबा, काठीसाठी हात फिरवत खुर्चीतून उठत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“आबा, बसा!” मी स्टुलावरून ओरडले. “कोणी उठू नका! डाव संपला नाही!”

माणसं होती तिथं थबकली. मी हत्ती उचलला, तिसऱ्या ओळीतून उजव्या कडेला नेला आणि टांगला.

“शह. आणि आता राजाला घर दाखवा.”

वकील परत पटापाशी आले. त्यांनी राजा मागं नेऊन बघितला, तिथं हत्तीची रेघ. तिरका नेला, घोडा. दुसरीकडे तिरका नेला, तिथंही घोडा. शेजारी त्यांचंच प्यादं. त्यांनी हत्तीच्या वाटेत घालायला काही मिळतं का बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. अर्धवट उठलेले लोक तसेच वाकून उभे होते. आता जगातला कुठलाही वकील तो राजा सोडवू शकत नव्हता.

“मात,” दातार वकील म्हणाले.

मग एकदम मोठ्यानं, जणू स्वतःलाच ऐकवत, “मात आहे! तीन खेळ्यांत! आणि मी वजीर मारून मागं फिरलो होतो! साठ वर्षांचा घोडा झालो मी, आणि हे मला दिसू नये?”

सभागृह दणाणलं. घाटावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कराडचा एक माणूस तर खुर्चीवर चढला. वकील मालकांकडे वळले.

“दुदुस्कर, तुमचा तो कागद फाडा. अंकात काय छापलंय? पांढऱ्याची खेळी, तीन खेळ्यांत मात. झाली की नाही मात? मग चूक कुठं आहे, दाखवा मला.”

“पण घोडा तर चुकीच्या...” मालक पुटपुटले. “नाही, चूक ती चूकच. आज कोडं सुटलं म्हणून उद्या लग्नपत्रिकेत नवरा बदलून चालेल का? बोललो ते बोललो. तिला ठेवणार नाही.”

टाळ्या थांबल्या. तेवढ्यात कराडचा तो खुर्चीवरचा माणूस ओरडला, “अहो, मग वाटी तरी द्या त्यांना! सोडवलंय त्यांनी!”

“वाटी द्या! वाटी द्या!” सगळेच म्हणायला लागले.

वकिलांनी रुमाल बाजूला केला, वाटी उचलली आणि माझ्यापाशी आले. मी मालकांकडे पाहिलं. त्यांची नजर वाटीला चिकटली होती आणि वाटीबरोबर सरकत होती. तेव्हा मला आठवलं की वाटीच्या जाहिरातीखाली बारीक टायपात एक ओळ मी जुळवली होती. मी दोन्ही हात पदराला पुसले आणि पुढं केले.

“द्या,” मी मोठ्यानं म्हणाले. “माझी आहे ती.”

“थांबा!” मालक ओरडले. “नियम वाचलाय का कोणी? छापखान्यातल्या नोकरांना बक्षीस मिळणार नाही! अंकात स्पष्ट छापलंय!”

“छापलंय,” मी म्हटलं. “मीच जुळवलंय. पण मी कुठं नोकर आहे, मालक? आत्ताच तर तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवलंत.”

वाटी वकिलांच्या हातात, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

“ते आपलं... दिलगिरीपुरतं होतं,” ते म्हणाले.

वकील हळूच माझ्याकडे बघून मालकांकडे वळले. आवाज कोर्टातला लावला. “होय की नाही, एवढंच सांगा. वत्सला फरांदे तुमच्या नोकरीत आहे?”

“म्हणजे तसं...”

“होय की नाही? नाही म्हणालात तर ही वाटी तिच्या हातात पडली.”

“आहे!” मालक किंचाळले. “आहे नोकरीत! उद्या सकाळी नवाला कामावर यायचं, ऐकलंस ना? ती वाटी इकडं आणा आधी!”

“ऐकलं, मालक,” मी म्हणाले आणि हात मागं घेतले. “मग राहू द्या वाटी. नियम म्हणजे नियम.”

वकिलांनी दोन्ही हातांनी वाटी मालकांना दिली. त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते. लोकांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तेव्हा असा हशा पिकला की वाचनालयाच्या पारावरची कबुतरं उडाली. मालकांनाही कळलं असावं, पण वाटी एकदा हातात आल्यावर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मी आबांकडे गेले. ते खुर्चीतच होते, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

“वत्सला, वाटी गेली व्हय?”

“गेली, आबा.”

“आन् जागा?”

“राहिली.”

आबा सावकाश उठले. घाटावरची मंडळी ज्या बाजूला होती तिकडे त्यांनी तोंड केलं, काठी एकदा फरशीवर आपटली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बघितलंसा? माझ्या पोरीनं वजीर बी दिला आन् वाटी बी दिली. आता सांगा, हारलं कोन?”